उभी किंमत, आडवी मागणी

मी अर्थशास्त्र घेतलं ते गणितापासून पळून जाण्यासाठी, आणि पळता पळता थेट त्याच्याच अंगणात जाऊन पडले.

आमच्या वेळी मॅट्रिकला मुलींसाठी एक पळवाट ठेवलेली होती. बीजगणित-भूमिती झेपत नसेल तर त्याऐवजी गृहशास्त्र घ्या. आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या मुलींनी ती वाट धरली. एकीनं धरली नाही, तर तिला बघायला दुसऱ्या शाळेतून माणसं यायची. पलीकडच्या वर्गात मुलगे काटकोन त्रिकोणाशी झुंजत असायचे तेव्हा आम्ही शेवयांची खीर आटवत असायचो, आणि परीक्षक ती खीर खाऊन मार्क द्यायचे. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली की पहिला वर्ग ठरलेला. अशा रीतीनं एक्स आणि वाय यांची तोंडं न बघता मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात अर्थशास्त्राची व्याख्याती म्हणून लागले. तात्पुरती. हा शब्द तेवढा ध्यानात असू द्या, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

तेव्हाचं अर्थशास्त्र मोठं बोलघेवडं होतं. पहिलं संत्रं खाऊन जेवढं सुख होतं तेवढं दुसऱ्यानं होत नाही आणि दहाव्यानं पोट बिघडतं, एवढं रंगवून सांगता आलं की घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त शिकवून झाला. मी तो असा रंगवायची की मागच्या बाकावरच्या मुलींना खरोखरीची ढेकर यायची. आकृत्या होत्या, नाही असं नाही. किंमत उभ्या अक्षावर, माल आडव्या अक्षावर आणि मधून एक रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. तुळशीपुढे रांगोळी काढावी तशी मी ती रेघ डोळे मिटून काढायची. रांगोळीचा उतार किती, असं कोणी कोणाला विचारत नाही.

विद्यापीठानं विचारलं. येत्या जूनपासून अर्थशास्त्राच्या मुलींना गणिताचा एक पूर्ण पेपर सक्तीचा, असं परिपत्रक आलं. स्टाफरूममध्ये ते वाचलं गेलं तेव्हा चहाच्या कपांवर साय धरली, पण कोणी हात लावला नाही.

इथे कॉलेजातली एक रीत सांगायला हवी. कॉलेजात माणसं श्वासावर जगत नाहीत, तासांवर जगतात. विभागाचे आठवड्याचे तास जितके, तितकीच माणसं ठेवायची. त्याला वर्कलोड म्हणायचं. अर्थशास्त्र विभागाला हा नवा पेपर शिकवता आला तर तास आमचे, आणि नाही आला तर ते गणित विभागाकडे जाणार. तास गेले की आमच्याकडचा एक माणूस सरप्लस, म्हणजे घरी. आणि घरी कोण जाणार, तर सगळ्यांत शेवटी लागलेला. सगळ्यांत शेवटी मी लागले होते.

आमच्या विभागप्रमुख सरांनी सगळ्यांना बोलावलं. सर निवृत्तीला आलेले, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू बाळगणारे, आर्थिक विचारांचा इतिहास शिकवणारे. हा विषय ते कागदाचा कपटाही हातात न घेता शिकवायचे, आणि असा शिकवायचे की दोनशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं दारात चपला काढून वर्गात येऊन बसत. त्यांनी विचारलं, कॅल्क्युलस कोणाला येतं? सगळे पंख्याकडे बघू लागले. तो पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद होता.

मी म्हणाले, "मला येतं, सर."

खोटं बोलायचं तर आवाज खणखणीत ठेवावा, हे मी गृहशास्त्राच्या तोंडी परीक्षेतच शिकले होते. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खरंच येतं, मॅडम?"

"आवडतं, सर."

एप्रिलमध्ये विद्यापीठाची समिती येणार होती. तिच्यात एक सदस्य अर्थशास्त्राचे आणि एक गणिताचे. ते माझा एक तास मागे बसून ऐकणार आणि पेपर कोणाकडे राहायचा ते ठरवणार. म्हणजे माझी नोकरी एका फळ्यावर, खडूनं, लोकांच्या देखत ठरणार होती.

लायब्ररीतून मी एक पुस्तक आणलं. इतकं जड होतं की सायकलरिक्षावाल्यानं दोन सवारींचे पैसे मागितले. घरी येऊन उघडलं आणि मिटून टाकलं. आत अर्थशास्त्र कुठे दिसेना. पानोपानी मुंग्या, मुंग्यांमध्ये विंचू, आणि अधूनमधून फणा काढून उभा असलेला नाग. त्या नागाला समाकलन म्हणतात हे नंतर कळलं. सर एकदा म्हणाले होते की पूर्वीच्या इंग्रज पंडितांना गणित येत नव्हतं असं नाही, ते चांगलं येत होतं. पण ते तळटीपेत आणि पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात ठेवायचे, पाहुण्यांपुढे फाटकी सतरंजी घडी घालून ठेवावी तसे. वाचणारा वाणी-उदमी घाबरू नये म्हणून. आता महायुद्धानंतरच्या पुस्तकांत सगळं उलटं झालं होतं. गणित पानभर पसरलेलं आणि शब्द तळटीपेत अंग चोरून बसलेले. दिल्लीत म्हणे साऱ्या देशाचे पोलाद आणि कापड असे दोन भाग करून चार-सहा समीकरणांत पंचवार्षिक योजना बसवत होते. देश समीकरणात मावतो आणि मला समीकरण सुटत नाही, या विचारानं माझी भूक गेली. सासूबाईंना मी सांगितलं, शनिवार धरलाय. मग सोमवार धरला, मग गुरुवार. मी इतकी धार्मिक झाले की शेजारच्या बाया मला नमस्कार करू लागल्या.

आम्ही लकडगंजात राहत होतो. नवरा तिथल्याच एका आरागिरणीत कारकून. गिरणीला लाकूड मिळालं तर पगार, नाही तर पुढच्या महिन्यात बघू, असा तो पगार होता. घर चालायचं माझ्या तासांवर. मी पुस्तकासमोर पांढरी फटक पडलेली बघून नवरा म्हणाला, "काहून घाबरून राहिली वं? घरात गणिताचा मास्तर बसला आहे. बाबाले विचार."

ते ऐकून मी आणखी घाबरले. बाबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायची. काटोलच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलेलं. ते वर्गात शिरले की बाहेर संत्र्याच्या बागेतला आंबिया बहार गळायचा, असं काटोलची माणसं अजून सांगतात. आणि आमच्या घरची रीत अशी की सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही. कॉलेजात मी उघड्या डोक्यानं शंभर पोरींना दटावायची, आणि घराच्या पायरीवर पाय ठेवला की पदर डोक्यावर, नजर खाली, आवाज बंद. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मामाजींचं तोंड मी धड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या चपला मात्र हजार जोडांतून ओळखल्या असत्या.

नवऱ्यानं विचारलं. मामाजी म्हणाले, उद्या सकाळपासून.

शिकवणी अशी चालायची. मामाजी पुढच्या खोलीत दिवाणावर. मी मागे स्वयंपाकघरात दाराआड पाटावर. मधल्या उंबऱ्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. मामाजी बोलायचे ते भिंतीशी. मला ऐकू आलं तर ठीक, आरागिरणीचा आवाज वाढला की सासूबाई ते इकडे पोचवायच्या. माझं उत्तर मी त्यांच्या कानात सांगायची आणि त्या ते पलीकडे पोचवायच्या. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, पण साऱ्या विदर्भात कॅल्क्युलस तोंडी शिकवणाऱ्या त्या एकट्याच असतील.

"ते म्हणून राहिले का, तो एक्स लहान लहान होत जाते," त्या तांदळातला खडा काढत सांगायच्या, "पण मरत नाही. मंग त्याले शून्य समजून टाक."

मी हळूच विचारलं, मेला नाही तर शून्य कसा?

प्रश्न उंबरा ओलांडून गेला. मग उत्तर आलं.

"ते म्हणतात, हाच प्रश्न मोठमोठ्या शहाण्यांनी लई वर्षं विचारला. आता तू नको विचारू. भाजी करपून राहिली."

दाराआड मी फरशीवर खडूनं आकृत्या काढायची. मामाजी त्यांच्या पाटीवर काढत असावेत, कारण दगडी पेन्सिलीची करकर ऐकू यायची. ती पाटी मी पाहिली नाही आणि माझी फरशी त्यांनी पाहिली नाही. सुनेच्या स्वयंपाकघरात सासरा डोकावत नाही. रेषेचा उतार म्हणजे ती उभी किती गेली त्याला आडवी किती गेली त्यानं भागायचं, एवढं मला तोंडपाठ झालं. कॅल्क्युलसच्या रीतीनं विकलन काढलं तरी तोच उतार येतो, हेही झालं. उत्तरं जुळत होती. मामाजी गणित घालायचे, मी विकलन काढून उत्तर कळवायची, पलीकडून हुंकार यायचा. त्या हुंकारावर माझा दिवस जायचा.

एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या शास्त्रात ते सीमांत सीमांत म्हणतात ते काय? मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणखी एक. आणखी एक संत्रं, आणखी एक मजूर, त्यानं किती फरक पडतो ते. पेन्सिल थांबली. या वेळी मामाजी भिंतीशी जरा मोठ्यानं बोलले, म्हणून मला थेट ऐकू आलं. "हे तर विकलनच आहे. एवढे दिवस हे लोक शब्दांनी काय करत होते?"

तो प्रश्न माझ्या छातीत रुतून बसला. काय करत होतो? किंमत वाढली की मागणी घटते, असं मी वर्षानुवर्षं सांगत होते आणि किती घटते ते मला कधी कोणी विचारलं नव्हतं. शब्दांत माणसाला लपायला जागा असते. कधी "साधारणपणे" म्हणावं, कधी "इतर परिस्थिती कायम राहिल्यास" म्हणावं, आणि आडोशाला उभं राहावं. समीकरणाला आडोसा नसतो. मला गणिताची भीती वाटते असं मी समजत होते. खरी भीती पकडले जाण्याची होती, आणि एप्रिल जवळ येत होता.

समिती आली त्या दिवशी नागपूर इतकं तापलं होतं की फळ्यावरचा काळा रंग बोटाला लागत होता. मागच्या बाकावर अर्थशास्त्राचे सदस्य बसले, वृद्ध, सौम्य, हातात ओला रुमाल. त्यांच्या शेजारी गणिताचे प्राध्यापक, बारीक, पांढऱ्या शुभ्र बुशशर्टात. त्यांना घाम येत नव्हता. घाम न येणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून भिते. पलीकडे प्राचार्यबाई आणि आमचे सर. पुढे काटोल, मौदा असल्या गावांहून एसटीनं येणाऱ्या माझ्या मुली, सगळ्या गृहशास्त्रवाल्या, माझ्याहून पांढऱ्या पडलेल्या.

मी संत्री घेतली. नागपुरात दुसरं काय घेणार. संत्र्यांचा भाव शेकड्याला किती रुपये, आणि त्या भावाला किती शेकडे उठतील. फळ्यावर लिहिलं, मागणी म्हणजे साठ वजा दुप्पट किंमत. विकलन काढलं, उणे दोन. भाव वीस असताना मागणीही वीस, त्यांचा भागाकार एक, म्हणून लवचिकता, म्हणजे भाव हलला की मागणी किती पटीनं हलते ती, दोन. दोन म्हणजे एकापेक्षा जास्त, म्हणजे भाव वाढवला तर गिऱ्हाईक पळेल आणि बागवाल्याचा गल्ला घटेल. मुलींनी माना डोलावल्या. मागे गणिताच्या प्राध्यापकांनी कागदावर टिक केलेली मला फळ्यापासून दिसली. मी जिंकले होते. तिथेच थांबले असते तर ही हकिकत सांगायला उरली नसती.

पण मला चेव आला. म्हटलं, आता हेच आकृतीवरून पडताळून पाहू.

रेघ काढली. किंमत उभी, माल आडवा, जशी जन्मभर काढली तशी. उभ्या अक्षावर तीसपासून आडव्या अक्षावर साठपर्यंत. उतार म्हणजे उभी किती गेली, तीस. आडवी किती गेली, साठ. तीस भागिले साठ, अर्धा. भाव वीस, मागणी वीस, लवचिकता अर्धी. अर्धी म्हणजे एकापेक्षा कमी, म्हणजे भाव वाढवला तर बागवाल्याचा गल्ला...

वाढेल.

फळ्याच्या डाव्या अंगाला दोन, उजव्या अंगाला अर्धा. तेच संत्रं, तोच बाजार. डावीकडचं ऐकलं तर बागवाला बुडतो आणि उजवीकडचं ऐकलं तर बंगला बांधतो. माझ्या हातातला खडू ओला झाला. पाठीमागे पेन, रुमाल, वही, सगळ्यांचे आवाज थांबल्याचं मला फळ्याकडे तोंड असूनही कळलं. डोळ्यांपुढे माझी खुर्ची, मस्टरवरचं माझं नाव आणि आरागिरणीतला तो पुढच्या महिन्यात बघू असा पगार, असं सगळं एकावर एक चढत गेलं. मला वाटलं, आपण आता पडावं. बेशुद्ध बाईला कोणी उतार विचारत नाही. पण पाय ऐन वेळी ताठ राहिले. माझ्या शरीरानं मला कधीच वेळेवर साथ दिलेली नाही.

मी वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलींनो, परीक्षेत नेमकी इथेच चूक होते. कुठे झाली ते घरून शोधून आणा."

बिचाऱ्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. अर्थशास्त्राच्या वृद्ध सदस्यांनी कौतुकानं मान हलवली. त्यांनाही आता आपल्याला कोणी विचारू नये असंच वाटत होतं, हे मला त्यांच्या रुमालावरून कळलं. पण गणिताचे प्राध्यापक उभे राहिले.

"घरून कशाला, मॅडम? आत्ताच सांगा." आवाज मऊ होता, म्हणून जास्त वाईट. "तुमच्या समीकरणात किंमत स्वतंत्र आहे. ती हलते म्हणून मागणी हलते. आमच्याकडे जी स्वतंत्र असते ती आडवी असते. तुम्ही किंमत उभी का केली?"

मला माहीत नव्हतं. एम.ए. झाले, इतकी वर्षं शिकवलं, हजार वेळा ती रेघ काढली, आणि किंमत उभी का, हे मला माहीत नव्हतं. नव्या नवरीनं सासरच्या रीतीबद्दल सांगावं तशी मी पुटपुटले, "आमच्यात उभीच करतात."

कोणी हसलं नाही, म्हणून मी आणखी भ्याले.

तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला आणि आमचे सर उठले. त्यांचा हात कोटाच्या खिशातल्या खडूवर होता. गणिताच्या माणसासमोर बोलायचं म्हणजे काय, हे त्या वर्गात माझ्याखालोखाल त्यांनाच कळत होतं. त्यांनी खडू काढला नाही. नुसतंच बोलले.

"जुने लोक प्रश्न उलटा विचारत होते, साहेब. बाजारात इतका माल येऊन पडलाय, तर तो कोणत्या भावानं उठेल? माल आधी, भाव नंतर. म्हणून माल आडवा. पुढे गणित आलं, त्यानं प्रश्न फिरवला. भाव आधी धरला, माल नंतर. प्रश्न फिरला, पण आकृती कोणी फिरवली नाही. ती तशीच राहिली, सगळ्या पुस्तकांतून. मॅडमनी समीकरण नवं घेतलं आणि आकृती जुनी, म्हणून उतार उलटा आला."

गणिताचे प्राध्यापक फळ्यापाशी आले, माझ्या ओल्या खडूनं अर्धा उलटा केला आणि खाली दोन लिहिलं. मग सरांकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. जाता जाता माझ्याजवळ थांबून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या विभागाला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं."

निकाल टपालानं कळवू, असं सांगून समिती गेली. मी घरी कशी आले ते आठवत नाही. रिक्षावाल्यानं सांगितलं असतं की बाई वाटभर हवेत आकडे काढत होत्या.

संध्याकाळी मामाजींनी भिंतीला विचारलं, काय झालं? मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, दोन उत्तरं आली. सासूबाईंनी ते पोचवलं. मामाजींनी परत विचारलं, काय आली म्हणते? दोन उत्तरं, सासूबाई म्हणाल्या. आणि माझ्या कानांवर दिवाण करकरल्याचा आवाज आला, मग त्या ओळखीच्या पावलांचा, आणि ती पावलं उंबऱ्याशी येऊन न थांबता आत आली. सासूबाईंच्या सुपातले तांदूळ सांडले. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि ओट्याला पाठ टेकली. खरं सांगते, समितीपुढे मी इतकी भ्याले नव्हते.

फरशीवर सकाळची आकृती होती. मामाजींनी ती वाकून बघितली.

"ही किंमत?"

"हो."

"उभी?"

"हो, मामाजी."

लग्नानंतरचं सासऱ्याशी माझं हे पहिलं बोलणं. मामाजी उकिडवे बसले, माझा खडू उचलला आणि माझ्या रेघेशेजारी त्यांची रेघ काढली, किंमत आडवी. दोन्हींकडे बघत राहिले. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. काटोलचा सगळा बहार गळणार.

"इतके दिवस आपण एकाच रेघेबद्दल बोलून राहिलो होतो," ते म्हणाले, "अन् रेघा दोन होत्या. मले काय ठाऊक, कोणी किंमत उभी करत असन. चूक माही आहे. मी पाहायले आलो नाही."

मग उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दाराआडचा माझा पाट सासूबाईंनी आपणहून पुढच्या खोलीत नेऊन टाकला. पदर डोक्यावरच राहिला, पण पाटी आता एकच होती. शिकवणी चालू ठेवली, नोकरी असो नसो. टपालवाल्याची सायकल गल्लीत वाजली की मात्र माझा एक्स खरोखरच शून्याकडे जायचा. सगळा मे आणि जूनही मी त्या घंटीच्या धाकात काढला. एकदा तर तो बिचारा शेजाऱ्यांचं पत्र द्यायला आला आणि मी दार लावून घेतलं.

जूनच्या अखेरीस निकाल कॉलेजात आला. पेपर अर्थशास्त्र विभागाकडेच. शिकवणारीला ठेवावं, मात्र तिनं तयारी वाढवावी. प्राचार्यबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की अजून त्यावर माझी बोटं उमटलेली आहेत. खाली आणखी एक ओळ होती. नव्या पेपरला जागा हवी म्हणून आर्थिक विचारांचा इतिहास यापुढे ऐच्छिक.

मुली हुशार असतात. ज्यात गणित सुटलं की पैकीच्या पैकी मिळतात, असा सक्तीचा पेपर घेतल्यावर वर आणखी मेलेल्या माणसांचा विषय कोण घेणार? त्या वर्षी तो कोणी घेतला नाही. सरांचे तास उघडे पडले. निवृत्तीला आलेल्या माणसाला सरप्लस करता येत नाही, पण रिकामंही ठेवता येत नाही. प्राचार्यबाईंनी वर्कलोड भरून काढला. नव्या पेपरचा अर्धा भाग सरांना दिला.

पावसाळा सुरू झालेला, दुपारची वेळ. सरांनी मला एका रिकाम्या वर्गात बोलावलं आणि दार पुढे लोटलं. कोटाच्या खिशातून खडू काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मॅडम," ते म्हणाले, "हे विकलन म्हणजे नक्की काय हो?"

मी सांगितलं. एक्स लहान लहान होत जातो, मरत नाही. सर पहिल्या बाकाशेजारी उभे राहून ऐकत होते, बसायला तयार नव्हते. मध्येच म्हणाले, "माझी दोनच वर्षं उरलीत. मुली हसतील का हो?" ज्या माणसानं माझी नोकरी वाचवली त्याला मी, मुली हसणार नाहीत, असं सांगू शकले असते, आवाज खणखणीत ठेवून. पण मला माझ्या मुली माहीत होत्या.

म्हटलं, आपण करून पाहू, सर. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन अक्ष काढले. किंमत उभी काढली, थांबले, पुसली, आडवी काढली, परत थांबले. रेघ ओढताना ती मध्ये दोनदा तुटली. "इथे उतार कोणता धरायचा?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर व्हरांड्यात मुलींची पावलं वाजली, बोलणं, हसणं, कोणी तरी दाराला हात लावला. सरांनी डस्टर शोधलं नाही. कोटाच्या बाहीनं तो फळा त्यांनी एका झटक्यात पुसून काढला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मुली आत आल्या तेव्हा त्यांनी तो पांढऱ्या झालेल्या बाहीचा हात पाठीमागे धरला होता, आणि दुसऱ्या हातानं तो झाकण्याचा प्रयत्न चालला होता.